खो येईपर्यंत

"हललीस," घोरपडे बाई म्हणाल्या.

"नाही हलले."

"तू नाही गं. ही रेघ हलली."

मी पाठीवर पडले होते. दोन्ही मनगटांना आणि डाव्या घोट्याला चिमटे लावलेले, तारा यंत्राकडे गेलेल्या आणि स्क्रीन माझ्या डोक्यामागे, जिथे बाई आपल्या तपासणीची वाट बघत बसल्या होत्या. पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम मी रोज पेशंटना सांगायची आणि आता स्वतःच मोडत होते.

"आत्तापर्यंत शहाण्यासारखी चालली होती," बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "ते शिंत्रे डॉक्टर दारातून डोकावले, 'आटपलं का' म्हणाले, आणि आकडा बहात्तरवरून गेला की पंच्याण्णववर. ते गेले, हा परत खाली यायला लागला. गुणी आहे तुझं हृदय. पण लपवाछपवी जमत नाही त्याला."

"मी खोकले असेन."

"तीस वर्षं पोरींना पळवलंय मी. खोकला मला सांगू नकोस."

नोंद करताना मी बाईंच्या देखतच त्या उडीसमोर 'खोकला' असं लिहिलं. तेवढा तुकडा वगळायचा असतो.

मिरजेतल्या एका रुग्णालयात मी तेव्हा संशोधन सहायक होते. शरीरक्रियाशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते, आणि जे आहे ते मोजता येतं, यावर माझा पक्का विश्वास होता. आमचा अभ्यास थकलेल्या हृदयांचा होता. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेतला की ते किंचित घाई करतं, सोडला की रमतं. मेंदूकडून त्याच्याकडे दोन तऱ्हेच्या नसा जातात. एक टाच मारते, दुसरी लगाम धरते, आणि त्या दोघींची ओढाताण दोन ठोक्यांमधल्या अंतरात वाचता येते. हृदयाचा पंप कमजोर झाला की मेंदू घाबरतो आणि सारखी टाच मारत सुटतो. लगाम सैल पडतो. ठोके जलद होतात आणि एकसारखे, अगदी टिकटिक टिकटिक. ज्या हृदयाचं घड्याळ झालं ते आजारी. टाच बोथट करणाऱ्या गोळ्या द्यायच्या आणि ती ओढाताण कितपत परत येते ते बघायचं, एवढंच आमचं काम. गोळ्या सुरू करण्याआधी एकदा, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. तुलनेला निरोगी माणसं हवी होती, ती मिळेनात, म्हणून विभागातल्या सगळ्यांनाच आळीपाळीने झोपवलं. मी निरोगी क्रमांक सात.

डॉक्टर इंद्रजित शिंत्रे या अभ्यासाचे प्रमुख मदतनीस. जूनअखेर ते पुढच्या शिक्षणाला तिरुवनंतपुरमला जायचे होते. त्यांच्याबद्दल मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना तर नाहीच. स्टेथोस्कोपची चकती पेशंटच्या छातीला लावण्याआधी ते ती आपल्या तळहातात धरून ठेवायचे, ऊब येईपर्यंत. हे करताना ते पेशंटशी भलतंच काहीतरी बोलत असायचे, पीकपाणी, नातवंडं. त्यांना स्वतःलाही ती सवय ठाऊक नसावी. मला ठाऊक होती. एवढ्यावर मी एक वर्ष काढलं होतं.

घोरपडे बाई, मालन घोरपडे, तासगावच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. वय छप्पन्न. एका तापाचं निमित्त होऊन हृदय मोठं आणि ढिलं झालेलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या पहिल्या मजल्यापर्यंत येताना जिन्यात दोनदा बसल्या होत्या. माझ्या त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांचे गोळ्यांचे तीन महिने झाले होते, आणि त्या एका दमात वर आल्या होत्या.

मी उठले आणि त्यांना झोपवलं. सावकाश श्वास झाले. मग बर्फाच्या पाण्यात हात बुडवायची चाचणी. निरोगी माणसाचं हृदय त्या गारठ्याने दचकतं. बाईंच्या आकड्याने जेमतेम मान वर केली आणि पुन्हा बासष्टवर जाऊन बसला. मला आनंद झाला, कारण गोळी काम करत होती.

बाई मात्र हात पुसत म्हणाल्या, "इकडं बोटं बधिर झाली माझी, आणि ह्याला पत्ताच नाही. हे काय चांगलं लक्षण?"

"फार चांगलं. बाई, तुमच्या हृदयाला मेंदू रात्रंदिवस खो देत होता. दमलेल्या मुलीला मागून सारखं 'खो, खो, खो' म्हटलं तर काय होईल?"

"पडेल."

"तर ही गोळी तिला जरा बहिरी करते. ती बसते, विसावा घेते. ताकद भरून येते."

त्यांना ते पटलं. पदर सारखा करत त्यांनी विचारलं,

"तू कधी खेळलीस खो-खो?"

"शाळेत. मला सगळ्या शेवटच्या चौकात बसवायच्या."

"म्हणजे खेळली नाहीस. चौकात बसलीस ना, उकिडवी, पंजांवर, दोन्ही हात जमिनीला टेकून, की मागे कोण येतंय ते दिसत नाही. पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचं नाही. उठलीस तर फाउल. तेव्हा इथं जी धडधड होते," त्यांनी छातीवर मूठ ठेवली, "खो यायच्या आधीच. पाय अजून जमिनीवर, आणि हे निघालेलं असतं. आता पोरींची मॅच असली तर मी कडेला उभी असते, आणि आत काहीच नाही. टीव्हीवर बघितल्यासारखं. तब्येत बरी आहे गं, नाही म्हणत नाही. पण करमत नाही मला माझ्यातच."

मी ते कुठे लिहिलं नाही. आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

सहा महिन्यांच्या तपासणीला बाई मे महिन्यात आल्या, एका गुरुवारी सकाळी. नवी कोरी चप्पल घातली होती आणि चेहरा उजळला होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मात्र कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी चिमटे लावले. आकडा एकशे चारवर. दोन-तीन ठोक्यांआड एखादा आगाऊ ठोका रांग मोडून पुढे घुसत होता.

आकडा असा अवेळी वर दिसला तर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी ठरलेले प्रश्न विचारायचे असतात.

"चहा घेतलात का, बाई?"

"सकाळी. रोजचाच."

"जिना चढल्यामुळे? बसू या थोडं. ताप वगैरे?"

"नाही."

"कशाची काळजी, मनावर काही ताण?"

बाई हसल्या. "ताण म्हणायचं का त्याला, माहीत नाही."

घोट्याच्या चिमट्याखाली कातडीत खळगा पडला होता. पाय सुजायला लागले होते.

"गोळी कधी घेतली शेवटची?"

"रविवारी."

"आज गुरुवार आहे."

"मोजता येतं मला."

"बाई, संपल्या होत्या का? फोन करायचा ना."

"संपल्या नाहीत. पर्समध्ये आहेत." त्यांनी पर्स थोपटली. "अजून तीन दिवस राहिलेत. येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे. तो झाला की परत सुरू करते. देवाशप्पथ."

मी खुर्ची ओढून बसले. त्या गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. बहिऱ्या केलेल्या हृदयाने तोवर कान वाढवलेले असतात. गोळी काढून घेतली की साधी हाकही त्याला आरोळी वाटते. मी हे सगळं त्यांना सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी बजावलं होतंस."

"मग?"

"एक माणूस येणार आहे."

बाई पायांकडे बघत बोलायला लागल्या.

"अनंत शेटे. आमच्या वेळी जिल्ह्याच्या मॅचेसना पंच असायचा. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. मैदान आखायला यायचा तेव्हा फक्कीची रेघ अशी सरळ ओढायचा, दोरी न लावता. मी त्याच्याकडं बघायची, तो माझ्याकडं बघायचा, आणि सगळ्या पोरी आमच्याकडं. बोललो काहीच नाही. मग फायनल. मी पाचव्या चौकात. तो माझ्या समोरच्या रेषेवर उभा. माझं हे असं उसळत होतं की खो यायच्या आधीच उठले मी. त्यानं शिट्टी मारली. फाउल. तो फाउलच होता. पण त्या धांदलीत समोरची सुटली आणि कप गेला. त्यानंतर तो आमच्या मैदानावर फिरकला नाही. भिलाईला कारखान्यात लागला म्हणून कानावर आलं."

"तुम्ही चिडला होतात?"

"कशावर? मी वाट बघत होते, येऊन बोलेल म्हणून. आज येईल, मंगळवारी येईल. मग स्थळं यायला लागली. मी म्हणायची, थांबा." त्या थांबल्या. "आता निवृत्त होऊन सांगलीला आलाय. मेळाव्याला येतोय. आणि मी काय त्याच्यासमोर अशी गोळी खाऊन उभी राहू? आत सगळं गप्प? मला कळणार कसं गं, अजून आहे का नाही ते?"

मी म्हणाले, "मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांग की. तुला बोलवायला निमित्तच झालं."

डॉक्टर शिंत्रे आले. रेघ पाहिली, पाय पाहिले. स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून विचारलं, "तासगावला यंदा द्राक्षांचं कसं काय?"

"द्राक्षं राहू देत," बाई म्हणाल्या. "मी गोळ्या सोडल्यात. हिला रागावू नका, मला रागवा." आणि त्यांनी अनंत शेटेंची गोष्ट त्यांनाही सांगितली, जराही न लाजता, एखाद्या मॅचचं वर्णन करावं तशी.

मला वाटलं ते हसतील किंवा ओरडतील. ते स्टुलावर बसले.

"बाई, हे आत्ता जे धडधडतंय ना, ते शेटेंसाठी नाही. गोळी काढल्यावर कुणाचंही असंच होतं. रविवारी तुमच्यासमोर शेटे येवोत नाहीतर शाळेचा शिपाई येवो, ते असंच उसळणार. त्यावरून तुम्हाला काय कळणार?"

हे बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

"आणि रविवारपर्यंत ते टिकेल याची मला खात्री नाही. आज इथं राहा. कमी मात्रेपासून पुन्हा सुरू करू. शनिवारी बरं दिसलं तर मेळाव्याला जा. गोळी घेऊन. नाही घेतली तर मी अडवू शकत नाही." त्यांनी अर्धी गोळी बाईंच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

बाई त्या अर्ध्या गोळीकडे बघत बसल्या. मोठ्या मुलींना धाकात ठेवणाऱ्या बाई त्या वेळी फार लहान दिसत होत्या.

"गेले ते दिवस म्हणतात तसं झालं," त्या म्हणाल्या. "हे गिळलं की त्याला बघून काही व्हायचं नाही. पस्तीस-छत्तीस वर्षं सांभाळलं, आणि ऐन वेळी..."

"बाई, घ्या. प्लीज."

"तुझं काय जातंय सांगायला. तुझं उड्या मारतंय ना अजून. आणि तू काय करतेस त्याचं? खोकला म्हणून लिहितेस."

मी पेला दुसऱ्या हातात घेतला.

"डॉक्टर जाणार कधी?"

"जूनअखेर."

"त्यांना ठाऊक आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग असं कर. मी ही घेते. पण ते जायच्या आधी तू चौकातनं उठायचं. खो येवो न येवो. फाउल झाला तर झाला. कबूल?"

"बाई, हा काय सौदा झाला?"

"पाणी मी नंतर पिईन. आधी कबूल म्हण."

दाराबाहेरून डॉक्टरांचा आवाज येत होता, कुणाला तरी नातवाचं नाव विचारत होते.

"कबूल," मी म्हणाले.

बाईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि पेला हातातून ओढून घेतला.

शनिवारी त्यांचा आकडा ऐंशीच्या खाली आला, पायांची सूज उतरली आणि त्या भाचीबरोबर तासगावला गेल्या. तो रविवार मी घड्याळाकडे बघत काढला. मंगळवारी त्या तपासणीला आल्या, तेव्हा मी चिमटे बाजूला ठेवून आधी खुर्ची दिली.

"आले होते?"

"आला. टक्कल पडलंय. बायको बरोबर होती, चांगली आहे, रायपूरकडची. मराठी थांबत थांबत बोलते. मला म्हणाली, 'हे तुमचं नाव काढतात.' त्याचे कान लाल झाले."

"आणि तुमचं?" मी छातीकडे बोट केलं.

"काहीही नाही. ढिम्म. मी नाडीवर बोट ठेवून उभी होते, खोटं कशाला बोलू. सदुसष्ट." त्या स्वतःशीच हसल्या. "पण घसा दाटून आला. त्याला काही गोळी दिली नव्हती तुम्ही. आणि एक झालं. तेव्हा कधी मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. धडधड व्हायची, नजर खाली जायची. या वेळी बघितलं. त्याच्या डाव्या भुवईत एक खाच आहे, बारीक. तेव्हाही असणार."

"बोललात?"

"मीच विचारलं. शिट्टी मारलीस ते बरोबरच होतं, पण नंतर बोलायला का आला नाहीस? तर म्हणाला, 'मला वाटलं तू चिडलीस. तू बोलशील म्हणून मी थांबलो.'" बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणजे तो पण चौकातच बसलेला. दोघं बसलेले, आणि मैदानात पळणारं कुणीच नाही."

मी त्यांचं रेकॉर्डिंग घेतलं. श्वासाबरोबर ठोके पुढेमागे होत होते, फार नाही, पण होत होते. घड्याळ मोडायला लागलं होतं. अशी रेघ त्यांची याआधी कधी आली नव्हती. जाताना दारात वळून त्या म्हणाल्या, "आता तू."

बाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी मैदानावर जात राहिल्या. डॉक्टर शिंत्रे ठरल्याप्रमाणे गेले, आणि तिकडचेच झाले. आता एखाद्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव दिसतं. मी त्या नावावरून बोट फिरवते आणि पान उलटते. मी पुढे याच विषयात काम केलं. हृदय आणि मेंदू यांच्यामधल्या त्या दोन नसांबद्दल मला आज बरंच कळतं. ज्याच्यावर बोट ठेवता येत नाही असंही बरंच उरलं आहे.

पण मला सांगायचा आहे तो जूनचा शेवटचा शनिवार. निरोगी माणसांचीही चार महिन्यांनी दुसरी तपासणी असायची, आणि क्रमांक सातची राहिली होती. आमचे टेक्निशियन मुल्लाभाई भाच्याच्या लग्नाला गेले होते. डॉक्टर शिंत्रे टेबल आवरायला आले होते, पुस्तकं खोक्यात भरून झाली होती. म्हणाले, "तेवढं एक राहायला नको. झोपा, मी घेतो."

मी झोपले. त्यांनी चिमटे लावले. लावण्याआधी ते एकेक करून तळहातात धरले, ऊब येईपर्यंत, आणि खिडकीबाहेर बघत रेल्वेच्या वेळापत्रकाबद्दल काहीतरी बोलले. मग माझ्या डोक्यामागे, स्क्रीनसमोर जाऊन बसले. मला स्क्रीन दिसत नव्हता. त्याची गरजही नव्हती. मनगटाचा चिमटा ठोक्यागणिक हलत होता.

"बराच वर आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "चहा घेतलात?"

"नाही."

"जिना चढून लगेच झोपलात?"

"सकाळपासून वरच आहे."

"ताप?"

"नाही."

पुढचा प्रश्न मला पाठ होता. तो आला नाही. यंत्राचा कागद सरकत होता. खाली आवारात कुणीतरी रिक्षा सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मागच्या वेळी," ते हळू आवाजात म्हणाले, "एके ठिकाणी तुम्ही खोकला लिहिलं होतं." जरा थांबून विचारलं, "आत्ताही खोकलात का?"

ते मला वाट करून देत होते. होय म्हटलं असतं तर तो तुकडा वगळून सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पाठीमागे ते होते, मला दिसत नव्हते, आणि छातीत काहीतरी पाय उचलून निघालं होतं.

"नाही," मी म्हणाले. "खोकले नाही."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. कागद सरकत सरकत टेबलावरून खाली जमिनीवर घड्या घालत होता, आणि यंत्र बंद करायला दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.